गणपतीच्या बुकिंगला किती सर्व्हर लागतात?

"यंदा किती सर्व्हर लागतील?" हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी मे महिन्यात येतो. मी पुण्यात, बस-तिकिटांचं ऑनलाइन आरक्षण चालवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तिकिटाचं पान किंवा पेमेंटचा कोड मी लिहीत नाही. आमची छोटी टीम बाकीच्या टीमसाठी टूल्स बनवते. लोड टेस्ट, म्हणजे खोटी गर्दी पाठवून केलेल्या चाचण्या, चालवायच्या, सर्व्हरचे आकडे गोळा करायचे आणि येणारी गर्दी आपल्या यंत्रणेला झेपेल का, याचा अंदाज द्यायचा. आमच्याकडे सगळ्यात कठीण दिवस दिवाळीचा नसतो. मुंबई-ठाण्याहून कोकणात जाणाऱ्या गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग ज्या सकाळी उघडतं, तो दिवस सगळ्यात कठीण. चिपळूण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, कुठेही जायचं असो, प्रत्येकाला चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन रात्रींचीच गाडी हवी असते. रेल्वेचं तिकीट हुकलेली माणसंही त्याच सकाळी आमच्याकडे येतात.

२०२५ च्या गणपतीसाठी आम्ही हे गणित मुळापासून मांडलं. त्याची ही हकीकत. आमच्या सेवेचे खरे आकडे मला इथे देता येणार नाहीत, म्हणून हिशेब कळण्यापुरते सोपे, गोल आकडे घेतले आहेत.

सुरुवात मागणीच्या अंदाजापासून झाली. आमच्या टूलमध्ये त्यासाठी प्रॉफेट ही लायब्ररी होती, फेसबुकने २०१७ मध्ये खुली केलेली. जुना डेटा दिला की ती आठवड्याचं आणि वर्षाचं चक्र शिकते आणि पुढचा आलेख काढून देते. तिचं वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर असं चालतं. चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आधीच्या वर्षांचा डेटा तारखेप्रमाणे एकावर एक ठेवला, तर ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत एक पसरट, बुटका उंचवटा दिसतो आणि खरी टोकं त्यात विरघळून जातात. प्रॉफेटला सणांचा वेगळा तक्ता देता येतो. आम्ही त्यात तारखांऐवजी चतुर्थीपासूनचं अंतर भरलं: चतुर्थीच्या तीन दिवस आधी, दोन दिवस आधी, आदला दिवस. लगेच सगळ्या वर्षांची टोकं एकमेकांवर बसली.

परतीच्या प्रवासाचं काम जास्त अवघड निघालं. टीममधल्या कुडाळच्या सहकाऱ्याने माझा आलेख पाहिला आणि म्हणाला, "अगं, परतीचा एकच डोंगर कसा? दीड दिवसाचे वेगळे येणार, पाच दिवसांचे वेगळे, आणि आमच्याकडे गौरीबरोबर विसर्जन असतं ते वेगळे." त्याचं म्हणणं डेटात स्पष्ट होतं, फक्त मी ते एकाच गठ्ठ्यात मोजत होते. गौरींचं तर आणखी पुढचं. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळ नक्षत्रावर. म्हणजे चतुर्थीपासून अमुक दिवसांनी असं ठोक अंतर धरता येत नाही, पंचांग पाहून तारीख भरावी लागते. आता दर वर्षी हा एक रकाना आम्ही हाताने भरतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरवर गेली, तेही तक्त्यात आहे. हे काम मला मनापासून आवडलं, कारण माणसं घरी कधी जातात आणि कधी परततात हे त्या तक्त्यात उतरलं होतं.

पण दिवसाचा अंदाज कितीही बरोबर आला, तरी सर्व्हर दिवसावर चालत नाहीत. गर्दी येते ती बुकिंग उघडल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. आमच्या जुन्या सर्व्हरवर प्रोसेसर किती वापरला गेला याची नोंद सार नावाचं टूल ठेवत असे, आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्याची मूळ मांडणी दर १० मिनिटांनी एक नोंद अशी असते. तीन मिनिटं प्रोसेसर शंभर टक्के भरलेला आणि उरलेली सात मिनिटं जवळपास मोकळा असेल, तर नोंद होते पस्तीसेक टक्क्यांची. मागच्या वर्षीचा अहवाल असाच होता: प्रोसेसर निम्माही वापरला गेला नाही, तरी साइट झोपली. लोक या दोन गोष्टींचा मेळ लावता लावता थकले होते. आम्ही बुकिंगच्या मार्गावरच्या सगळ्या मशिनवर सेकंदाची मोजणी सुरू केली. डिस्कची जागा जास्त लागली, पण त्याशिवाय पुढचं काही दिसलंच नसतं.

दुसरी एक गोष्ट प्रोसेसरच्या त्या टक्क्यांच्या आतच दडलेली होती. आमच्या सेवा कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच मशिनवरच्या वेगवेगळ्या बंदिस्त कप्प्यांत, चालतात आणि प्रत्येकाला प्रोसेसरची मर्यादा आहे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ही मर्यादा १०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाळतो. दोन प्रोसेसरची मर्यादा म्हणजे प्रत्येक तुकड्यात २०० मिलिसेकंद वेळ. आठ थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे, एकदम कामाला लागले, तर तो वेळ २५ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद सगळे थ्रेड थांबवले जातात. पुढच्या काही तुकड्यांत काम हलकं असलं, तर सरासरी शांत दिसते. प्रवाशाला मात्र ते थांबणं जाणवतं. अशा थांबवण्याचा, म्हणजे थ्रॉटलिंगचा, वेगळा आकडा कर्नल देतो, तो आमच्या डॅशबोर्डवर नव्हता. तो पहिल्या पानावर आणला.

मग आलं मूळ काम: एका रिक्वेस्टला, म्हणजे फोनवरून सर्व्हरकडे आलेल्या एका मागणीला, कशाचा किती वेळ लागतो. याचं सूत्र जुनं आणि साधं आहे. ठरावीक काळात प्रोसेसर जितका वेळ व्यस्त होता, त्याला त्या काळात पूर्ण झालेल्या रिक्वेस्टच्या संख्येने भागायचं. एका मिनिटात प्रोसेसरचे चार कोअर (स्वतंत्र काम करणारे भाग) मिळून १२० सेकंद व्यस्त होते आणि १२,००० रिक्वेस्ट झाल्या, तर एकीला १० मिलिसेकंद. अशी मोजणी प्रत्येक पायरीची करायची. गाड्या शोधणं, सीटचा नकाशा उघडणं, सीट धरून ठेवणं, पेमेंट, तिकीट पक्कं होणं. डेटाबेसवर वेगळी आणि आमचा कोड चालवणाऱ्या ॲप सर्व्हरवर वेगळी. हा तक्ता हातात आला की बऱ्याच प्रश्नांची उत्तरं कागदावर देता येतात. एरवीच्या दिवशी गाड्या शोधण्याचं काम सगळ्यात जास्त असतं. गणपतीच्या सकाळी प्रवाशाला गाडी आधीच माहीत असते. तो सीटचा नकाशा पुन्हा पुन्हा उघडतो आणि सीट धरायचा प्रयत्न करतो. एकूण रिक्वेस्ट तितक्याच राहिल्या तरी त्यांची जात बदलते आणि डेटाबेसवरचा भार कितीतरी पटीने वाढतो. "मागच्या महिन्याच्या दुप्पट लोड टाकून बघा" अशी टेस्ट म्हणूनच निरुपयोगी होती.

लोड टेस्टबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला.

आमच्याकडे जेमीटर या लोड टेस्टच्या टूलच्या स्क्रिप्ट होत्या. ५०० आभासी प्रवासी, प्रत्येक जण रिक्वेस्ट पाठवतो, उत्तर आलं की पुढची पाठवतो. यात सर्व्हर मंदावला की प्रवासीही आपोआप मंदावतात. खऱ्या सकाळी असं होत नाही. दादरहून फोनवर बसलेल्या माणसाला आमचा सर्व्हर मंद आहे हे माहीत नसतं, आणि त्याच्यामागून येणारे तर येतच राहतात. उत्तराची वाट न पाहता ठरलेल्या वेगाने रिक्वेस्ट येत राहतील अशी टेस्ट लागते.

शिवाय मोजणीतही फसगत होते. समजा सेकंदाला १०० या वेगाने रिक्वेस्ट जायला हव्यात आणि एका मिनिटाच्या टेस्टमध्ये सर्व्हर मध्येच १० सेकंद गोठला. उत्तराची वाट बघणारा एकच आभासी प्रवासी असेल, तर त्या १० सेकंदांत त्याची एकच रिक्वेस्ट अडकते. नोंद होते ५,००० चांगल्या उत्तरांची आणि एका वाईटाची. नव्याण्णव टक्के रिक्वेस्ट झटक्यात झाल्या, असा अहवाल येतो. प्रत्यक्षात त्या काळात १,००० रिक्वेस्ट यायला हव्या होत्या, आणि त्या सगळ्या कमी-अधिक अडकल्या असत्या. म्हणजे सहातली एक. या चुकीच्या मोजणीला गिल टेने यांनी कोऑर्डिनेटेड ओमिशन असं नाव दिलं, आणि ती टाळणारं डब्ल्यूआरके२ हे टूलही त्यांचंच. आम्ही त्याच तत्त्वावर आमच्या स्क्रिप्ट पुन्हा लिहिल्या. रिक्वेस्ट ज्या क्षणी निघायला हवी होती, तिथपासून घड्याळ सुरू. जुनी आणि नवी टेस्ट एकाच बिल्डवर चालवली तेव्हा जुनीत पास झालेली सेवा नवीत साफ नापास झाली. कोड तोच, मशिन तेच.

मधे एक दिवस थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला पूर्ण होणाऱ्या रिक्वेस्ट, एका उंचीवर जाऊन सपाट झालं. सर्व्हर मोकळा, डेटाबेस मोकळा, तरी आकडा हलेना. अडथळा लोड पाठवणाऱ्या मशिनवर होता. प्रत्येक रिक्वेस्टला नवी जोडणी उघडली आणि आपल्याच बाजूने बंद केली, की लिनक्स त्या जोडणीला दिलेला क्रमांक, म्हणजे पोर्ट, ६० सेकंद अडकवून ठेवतो. मूळ मांडणीत असे पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८ हजारांच्या आसपास. ६० ने भागलं तर एका मशिनवरून एका पत्त्यावर सेकंदाला ४७० नव्या जोडण्या, त्यापुढे नाही. सपाट रेषा बरोबर तिथेच होती. जोडण्या पुन्हा वापरायला लावल्या, मशिन वाढवली, आणि रेषा पुन्हा चढू लागली. तेव्हापासून आमचं टूल टेस्ट सुरू करण्याआधी लोड पाठवणाऱ्या मशिनचेच पोर्ट आणि प्रोसेसर तपासतं.

आता रांगेचा विषय. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन कॉलच्या गर्दीवर पहिला शोधनिबंध लिहिला, आणि त्यातून वाढत गेलेलं रांगांचं शास्त्र आम्ही आज सर्व्हरला लावतो. सगळ्यात साध्या मांडणीत, रिक्वेस्ट कशाही वेळी येतात आणि काम करणारा एकच आहे असं धरलं, तर उत्तराला लागणारा वेळ म्हणजे कामाचा मूळ वेळ भागिले उरलेली मोकळीक. निम्मा भार असेल तर वेळ दुप्पट. ८० टक्क्यांवर पाचपट, ९० वर दहापट, ९५ वर वीसपट. कोअर जास्त असले की रेषा बराच वेळ सपाट राहते आणि मग अधिकच ताठ चढते. व्यवस्थापनाला मी एवढा एकच आलेख दाखवला. ८० वरून ९० वर जाताना भार थोडासाच वाढतो आणि थांबणं दुप्पट होतं, हे पाहिल्यावर "अजून दहा टक्के रेटू" हे बोलणं थांबलं.

पण आमचा खरा अडथळा प्रोसेसर नव्हताच. नव्या टेस्टमध्ये आम्ही आणखी एक बदल केला होता. जुन्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक आभासी प्रवासी वेगवेगळी गाडी निवडत असे, सीट मिळे, सगळं सुरळीत. आम्ही बहुतेक प्रवाशांना मोजक्याच गाड्यांवर सोडलं, खऱ्या सकाळसारखं. ॲप सर्व्हर वाढवत गेलो. काही संख्येपर्यंत थ्रूपुट वाढलं, मग थबकलं, आणि त्यापुढे सर्व्हर वाढवले की कमी होऊ लागलं. उत्तरांचा वेळ मात्र वाढतच होता. हे सगळ्यांना चक्रावून टाकणारं होतं, कारण सर्व्हर वाढवणं हाच तोपर्यंत उपाय होता.

यालाही गणित आहे. कामाचा ५ टक्के भाग जरी एकामागून एकच होऊ शकत असला, तरी कितीही प्रोसेसर लावा, वेग वीसपटीच्या वर जात नाही, हा ॲमडाल यांचा १९६७ चा मुद्दा. नील गुंथर यांनी त्यात आणखी एक पद घातलं: एकमेकांशी मेळ ठेवण्याचा खर्च, जो जोड्यांच्या संख्येप्रमाणे वाढतो. त्यामुळे त्यांच्या सूत्रात वक्र नुसता सपाट होत नाही, खाली वळतो. आमचे मोजलेले बिंदू त्या वक्रावर बसवून पाहिले. ते बसले, आणि त्यावरून शिखर कुठे आहे तेही कळलं. आम्ही मागच्या वर्षी शिखराच्या पलीकडच्या उतारावर होतो. सर्व्हर वाढवून साइट आणखी खाली ढकलली गेली होती.

कारण काय, ते डेटाबेस सांभाळणाऱ्या दादांनी शोधलं. ते वयाने आणि अनुभवाने आमच्यात मोठे, सगळे त्यांना दादाच म्हणतात. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये कोण कोणासाठी थांबलंय हे त्यांनी टेस्ट चालू असताना सेकंदासेकंदाला टिपलं आणि मला बोलावलं. "हे बघ, सगळे एकाच ओळीवर उभे आहेत." सीट धरताना कोड डेटाबेसच्या तक्त्यातली त्या गाडीची पूर्ण ओळ लॉक करत होता, म्हणजे दुसऱ्या कोणाला ती बदलता येऊ नये अशी अडवून ठेवत होता, आणि लॉक हातात ठेवूनच बसमालकाच्या यंत्रणेला "ही सीट खरंच मोकळी आहे ना" असं विचारत होता. खिडकीवरच्या माणसाने प्रत्येक तिकिटागणिक डेपोला फोन लावावा आणि तोवर रांगेने उभं राहावं, तसं ते चाललं होतं. त्या फोनला २५० मिलिसेकंद लागले असं धरा. मग एका गाडीच्या सेकंदाला चारच विनंत्या निकाली निघणार. दहा सर्व्हर असोत की शंभर, आकडा चारच.

चाळीस सीटची गाडी त्या वेगानेही दहा सेकंदांत भरते. त्यामुळे "सीट तर विकल्या गेल्या" असं कोणी म्हणू शकेल, आणि बैठकीत ते म्हटलंही गेलं. पण त्या गाडीसाठी २,००० माणसं आली असतील, तर ४० जणांना तिकीट मिळालं आणि १,९६० जण त्याच रांगेत उभे आहेत. सेकंदाला चार या वेगाने शेवटच्या माणसाला "गाडी भरली" हे कळायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. त्या आठ मिनिटांत पुढच्या रात्रीची गाडीही भरलेली असते. आधीच सांगितलं असतं तर तो तिकडे वळला असता. मला या सगळ्या कामात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. तिकीट न मिळणारी माणसं मिळणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि आमच्या कोणत्याच आलेखात ती नव्हती. आम्ही फक्त यशस्वी बुकिंगचा वेळ मोजत होतो. ती माणसं वर्षभर रजा साठवून गावी निघालेली असतात. त्यांना निदान "नाही" तरी लवकर सांगणं हे आमचं देणं आहे, असं मी त्या बैठकीत म्हणाले आणि आजही म्हणते.

दुरुस्ती दोन भागांत झाली. लॉक पूर्ण गाडीवरून एका सीटवर आणला आणि बाहेरची चौकशी लॉकच्या बाहेर काढली. आता सीटवर "अमुक वेळेपर्यंत धरलेली" अशी खूण करून लॉक लगेच सुटतो, मग बसमालकाकडे विचारणा होते, आणि नकार आला तर खूण पुसली जाते. लॉकचा वेळ २५० वरून ५ मिलिसेकंदांवर आला, तर एका सीटमागे सेकंदाला चारऐवजी दोनशे विनंत्या निकाली निघतात, आणि वेगवेगळ्या सीटवाले एकमेकांसाठी थांबतही नाहीत. दुसरं म्हणजे, भरलेल्या गाड्यांची यादी प्रत्येक ॲप सर्व्हरच्या स्मृतीत ठेवली. गाडी भरली की पुढच्या विनंत्या डेटाबेसपर्यंत जातच नाहीत. यातला एकही बदल नवा सर्व्हर मागत नव्हता.

डेटाबेसकडे उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याचा, म्हणजे पूलचा, हिशेब त्यानंतर सोपा झाला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे थेट लागतो: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. सेकंदाला ५०० रिक्वेस्ट आणि डेटाबेसमध्ये प्रत्येकीचे ४० मिलिसेकंद, म्हणजे एका वेळी सरासरी २० जोडण्या. तोच वेळ ४०० मिलिसेकंद झाला की २००. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची असते. ऑटोस्केलिंगने, म्हणजे भार वाढला की आपोआप सर्व्हर वाढवण्याच्या सोयीने, नवे ॲप सर्व्हर आणले, की प्रत्येक जण आपला पूल घेऊन येतो आणि आधीच दमलेल्या डेटाबेसवर आणखी जोडण्या पडतात. आम्ही मधे पीजीबाउन्सर हा जोडण्या वाटून देणारा प्रोग्राम ठेवला आणि एकूण संख्येला कुलूप लावलं. ऑटोस्केलिंग त्या सकाळसाठी बंद ठेवायचं ठरलं. नवं मशिन उभं राहून जावाची प्रक्रिया तापेपर्यंत, म्हणजे पूर्ण वेग पकडेपर्यंत, गर्दीचा जोर ओसरलेला असतो. लागतील तेवढे सर्व्हर आदल्या रात्रीच उभे करून, थोडा लोड देऊन गरम ठेवायचे.

यावर वाद झाला तो प्रतीक्षा-कक्षावरून. मोजलेल्या शिखराच्या थोडं खाली एक वेग ठरवायचा आणि तेवढ्याच लोकांना आत घ्यायचं, बाकीच्यांना रांगेतला क्रमांक आणि अंदाजे वेळ दाखवायची, असा माझा प्रस्ताव होता. प्रॉडक्टवाल्यांचं म्हणणं, रांग दिसली की लोक निघून जातील. माझं म्हणणं, रांग आहेच, ती पांढऱ्या पानामागे लपली आहे एवढंच. पांढरं पान दिसलं की माणूस रिफ्रेश करतो, आणि प्रत्येक रिफ्रेश नवा भार आणतो. शेवटी एका अटीवर मान्यता मिळाली: क्रमांक खरा असला पाहिजे आणि तो कधीही मागे जाता कामा नये. ही अट मला फार आवडली. क्रमांक भागिले आत घेण्याचा वेग, एवढ्यावर वेळेचा अंदाज निघतो. रांगेतला फोन दर काही सेकंदांनी विचारणा करतो, पण सगळे फोन एकाच ठोक्याला विचारू नयेत म्हणून त्या अंतरात थोडी यादृच्छिकता घातली.

बुकिंगच्या सकाळी आम्ही सगळे आठाच्या बरेच आधी ऑफिसात होतो. ग्राफाना या आलेखांच्या टूलचे पडदे, फोनवर दादा, कोपऱ्यात कस्टमर केअरची दोन माणसं. आठ वाजता रेषा उभी चढली. डेटाबेस आमच्या अंदाजाच्या आसपास स्थिरावला, लॉकवर थांबलेल्यांची रेषा तळाशी चिकटून राहिली, पहिल्या गाड्या भरल्या आणि "गाडी भरली" हे उत्तर काही मिलिसेकंदांत जाऊ लागलं. मी फक्त ती एक रेषा बघत होते.

मग आत घेतलेल्यांपेक्षा सीट धरणाऱ्यांची संख्या कमी दिसू लागली. मधे कुठेतरी माणसं थांबत होती आणि आमचे सगळे सर्व्हर मोकळे होते. कस्टमर केअरमधली ताई म्हणाली, "ओटीपी येत नाही म्हणतायत." लॉगिनचा एसएमएस बाहेरच्या सेवेकडून जातो. तिथे रांग लागली होती, आणि उशीर झाला की लोक "पुन्हा पाठवा" दाबत होते, म्हणजे रांग आणखी लांब. आमच्या मॉडेलमध्ये ही पायरी नव्हती, कारण ती आमच्या मशिनवर घडत नाही. दोन गोष्टी तिथल्या तिथे केल्या. "पुन्हा पाठवा"चं बटण बराच वेळ बंद ठेवलं, आणि आत घेण्याचा वेग एसएमएसच्या वेगाला बांधला. आधीपासून लॉगिन असलेल्यांना वेगळ्या वाटेने सोडलं. ओटीपी पोचू लागले, आणि थोड्या वेळाने दोन्ही रेषा पुन्हा जुळल्या.

त्या सकाळी वापरलेले ॲप सर्व्हर मागच्या वर्षीपेक्षा कमी होते. डेटाबेसचं मशिन तेच. साइट झोपली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना मांडली. प्रोसेसरचा अंदाज चांगला होता. सीटच्या नकाशाचा कमी पडला होता, कारण प्रतीक्षा-कक्षातून आत आलेला माणूस सगळ्या गाड्यांचे नकाशे भराभर उघडून बघतो, हे आम्ही धरलं नव्हतं. मॉडेलमध्ये आता बाहेरच्या प्रत्येक सेवेची स्वतंत्र रांग आहे: एसएमएस, पेमेंट, बसमालकांच्या यंत्रणा. त्यांचे आतले आकडे आपल्याला मिळत नाहीत, पण आपण किती पाठवतो आणि उत्तर किती वेळाने येतं एवढ्यावरून त्यांची मर्यादा बऱ्यापैकी काढता येते. बुकिंगच्या आदल्या संध्याकाळीच लॉगिन करून ठेवा, असा निरोप प्रवाशांना जायला लागला आहे. आणि डॅशबोर्डवर यशस्वी बुकिंगच्या शेजारी, त्याच आकारात, नकार कळायला लागलेला वेळ दिसतो.

सध्या काम चाललंय ते सीटच्या नकाशावर. दर वेळी पूर्ण नकाशा मागवण्याऐवजी बदललेल्या सीटच तेवढ्या फोनवर ढकलायच्या, असा प्रयोग आहे. यात उघड्या जोडण्यांची संख्या खूप वाढते, आणि एका मशिनवर किती जोडण्या स्मृतीत मावतात याची मोजणी दादा आणि मी करतो आहोत.